हार्ड डिस्कची दुरुस्ती : घरच्या हत्यारांनी कुठवर जावे?

शेतकऱ्याचे घर आणि हत्याराची पेटी यांची जोड जुनी आहे. पक्कड, पाना, कानस, तारेचे भेंडोळे, चारदोन जुने नट-बोल्ट आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या दहा वस्तू प्रत्येक घरी असतात. फवारणी पंपाचा वायसर गेला, विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह अडकला, की आपण आधी ही पेटी उघडतो आणि मग तालुक्याची वाट धरतो. ही सवय चांगली आहे. तिने पैसा वाचतो आणि हातही शहाणा होतो.

आता घरोघरी संगणक आले आहेत. फवारणीच्या नोंदी, खताची बिले, मुलांचे दाखले, लग्नाचे फोटो हे सारे त्यातल्या हार्ड डिस्क नावाच्या चपट्या डबीत साठवलेले असते. ती डबी एक दिवस बंद पडते. अशा वेळी आपली जुनी पेटी उपयोगी पडेल का, असे मला शेतकरी बंधू-भगिनी विचारतात. माझे उत्तर असे की पडेल, पण एका बांधापर्यंतच. तो बांध कुठे आहे हे मला स्वतःचे नुकसान करून घेऊन कळले. वाचकांचे तसे होऊ नये म्हणून हा लेख.

द्राक्ष बागायतदाराच्या घरी

सन २०१८ मधली गोष्ट. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी मी बाग पाहायला गेलो होतो. निर्यातीच्या द्राक्षांना कोणते औषध, कधी, किती मारले याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद या घरची सूनबाई सात वर्षे संगणकावर ठेवत होती. सारे काही टेबलावरच्या एका बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये होते. त्या डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घरातल्या मुलाने घाईत तिला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला. टोक सारखेच असल्याने ते सहज बसले, आणि डिस्क त्याच क्षणी गप्प झाली.

“भाऊसाहेब, नोंदीचे एक वेळ काहीतरी करता येईल,” वहिनी म्हणाल्या, “पण सासूबाईंचे फोटो यातच आहेत. त्या गेल्या. आता दुसरीकडे कुठेच नाहीत.”

गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारा एक तरुण आहे. त्याच्याकडे आम्ही ती नेली. त्याने प्लॅस्टिकची पेटी उघडून आतली डिस्क बाहेर काढली आणि दुकानातल्या जुन्या संगणकाला जोडली. संगणक चालूच होईना. “साहेब, डिस्कवर कुठेतरी शॉर्ट आहे. त्यामुळे संगणकाचा वीजपुरवठा स्वतःला बंद करून घेतोय,” तो म्हणाला.

डिस्कच्या पाठीवर हिरवी विद्युत पट्टी असते. तिचे स्क्रू सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचे होते. तसा स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हता. त्याने एक जुना चपटा स्क्रू-ड्रायव्हर धार लावायच्या दगडावर घासून बारीक केला आणि चांदणीच्या समोरासमोरच्या दोन टोकांत बसवला. स्क्रू निघाले. मल्टिमीटरने पाहता १२ व्होल्टच्या वाटेवरचा एक डायोड पूर्ण शॉर्ट दाखवत होता. जास्त दाबाची वीज आली की हा डायोड स्वतः बळी जातो आणि पुढचे भाग वाचवतो. मोटारीच्या स्टार्टरमधला फ्यूज जातो, तसेच हे. तरुणाने तो डायोड उपटून काढला, पट्टी परत बसवली, संगणक चालू केला. डिस्क फिरू लागली.

यानंतर त्याने जे केले ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आम्ही सगळे फोटो पाहायला पुढे सरसावलो, तर त्याने हात आडवा केला. “आधी सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवू. ही आता बिनफ्यूजची आहे.” रात्रभर नक्कल चालली. सकाळी वहिनींना त्यांच्या सासूबाई दिसल्या.

आत असते तरी काय?

हार्ड डिस्क ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहाताएवढी असली तरी तत्त्व तेच आहे. काचेची किंवा ॲल्युमिनियमची चकचकीत तबकडी, तिच्यावर चुंबकीय थर, आणि ती वाचणारे बारीक डोके. डोके म्हणजे ग्रामोफोनच्या सुईसारखे समजा. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हे डोके टेकत नाही. तबकडीच्या वेगाने जो हवेचा पातळ थर तयार होतो, त्यावर ते तरंगते.

तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कमध्ये ७२०० फेऱ्यांना तबकडीच्या कडेचा वेग ताशी सुमारे १२९ किलोमीटर होतो. आणि डोके किती उंचीवरून जाते? आपल्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढ्या. म्हणजे परागकण, रांगोळीचा कण, तंबाखूचा धूर हे त्या डोक्याच्या वाटेतले डोंगरच. हे एकदा ध्यानात आले की कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये हे निम्मे कळते. पाठीवरची विद्युत पट्टी ही बांधाच्या अलीकडची बाजू. झाकणाच्या आतली तबकडी पलीकडची.

आधी ऐका, मग उघडा

मोटारीचे बेअरिंग गेले की नाही हे पाहायला आपण लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मोटारीवर आणि मूठ कानाला लावतो. डिस्कलाही तेच करावे, मात्र हलक्या हाताने, दाब न देता.

काहीच आवाज नसेल, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा असतो आणि घरच्या हत्यारांनी पाहण्यासारखा असतो. बारीक गुणगुण किंवा टीं-टीं असा आवाज येऊन तबकडी फिरत नसेल, तर डोके तबकडीला चिकटले आहे किंवा आतली मोटार अडकली आहे. ठरावीक अंतराने ‘टक्... टक्...’ येत असेल, तर बहुधा डोके निकामी होत आहे. आणि खरखर घासल्याचा आवाज आला, तर त्याच क्षणी वीज बंद करावी. तबकडीवरचा थर खरवडला जात आहे असे समजावे, आणि जो थर गेला त्यावरची माहिती कोणालाच परत आणता येत नाही.

शेवटच्या तिन्ही आवाजांत डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

घरी होणारी हत्यारे

१. चांदणी-स्क्रूचे पाते. डिस्कवर बहुधा टी ८ आणि टी ६ या मापाचे स्क्रू असतात, लॅपटॉपच्या लहान डिस्कवर त्याहूनही बारीक. टी ८ ची समोरासमोरची टोके सुमारे २.३ मिलिमीटर अंतरावर, तर टी ६ ची सुमारे १.७ मिलिमीटर अंतरावर असतात. पाते त्याहून किंचित कमी रुंदीचे घासावे. त्यासाठी जुना चपटा स्क्रू-ड्रायव्हर किंवा काँक्रीटचा खिळा चालतो. घासताना पोलाद तापू देऊ नये, मधूनमधून पाण्यात बुडवावे, नाहीतर त्याचे पाणी उतरते आणि पाते पिळवटते. मऊ लोखंड वापरू नये, पाणी देऊनही ते कठीण होत नाही. स्क्रू सोडवताना खाली नीट दाब द्यावा. स्क्रूचे डोके एकदा गोल झाले की काम दुप्पट होते. तयार पात्यांचा संच आता फार महाग राहिलेला नाही, तेव्हा हाताशी मिळत असेल तर तोच घ्यावा.

२. शाळेचा खोडरबर. विद्युत पट्टी काढल्यावर तिच्या आतल्या बाजूला डोक्याशी आणि मोटारीशी जोडणारे चकचकीत ठिपके दिसतात. ते काळे पडले की जोड तुटतो. कोकणासारख्या दमट हवेत हे जास्त दिसते. पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने ते हळुवार पुसावेत, भुगा ब्रशने झटकावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ सुती फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे. पॉलिश पेपर लावू नये.

३. मल्टिमीटर आणि भिंग. मल्टिमीटर विकतच घ्यावा लागतो, पण शेतावर तो शंभर कामांना येतो. वीज जिथे डिस्कमध्ये शिरते तिथे साधारण दोन डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर व एक १२ व्होल्टच्या. वीज काढून ठेवून दोन्ही तपासावेत. दोन्ही दिशांनी शून्याजवळ ओहम दाखवणारा डायोड गेलेला. तो काढूनही वाटेवर शून्यच दिसले, तर बिघाड पुढे आहे आणि आपला बांध इथे संपला. डायोड काढल्यावर डिस्क चालली, तरी ती फक्त नक्कल करण्यापुरती वापरावी, आणि वीजपुरवठा बरोबर असल्याची खात्री करूनच.

४. जुन्या डिस्कमधले चुंबक. भंगारातल्या डिस्कमध्ये दोन जबर चुंबक निघतात. स्क्रू-ड्रायव्हर त्यावर एकाच दिशेने दहा-बारा वेळा घासला की बारीक स्क्रू त्याला चिकटून येतात. मात्र हे चुंबक चालू डिस्कजवळ ठेवू नयेत आणि लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर जिवावर बेतते.

५. स्क्रूचा ताट-नकाशा. हे वहिनींनी सुचवलेले हत्यार. स्टीलच्या ताटात कागद घालून त्यावर डिस्कची आकृती काढावी आणि निघेल तो स्क्रू आकृतीतल्या त्याच जागी ठेवावा. शिवणयंत्र उघडताना त्या तसेच करतात.

अंगावरच्या स्थिर विजेने पट्टीवरचे भाग जळू शकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या उघड्या धातूला हात लावावा, नायलॉनचे कपडे टाळावेत. मनगटाला साधी तार बांधून ती अर्थिंगला जोडण्याचा उद्योग मुळीच करू नये. विकतच्या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध असतो. तो नसलेली तार विजेच्या धक्क्याला आमंत्रण देते.

माझी चूक

निफाडच्या यशाने माझा हात शिवशिवू लागला होता. मी १९९६ पासून मंडळातला रोजचा पाऊस, पेरणीच्या तारखा, कीड कधी दिसली याच्या नोंदी वहीत ठेवत आलो. बऱ्याच वह्या वाळवीने खाल्ल्या. त्याआधी मुलाने त्या संगणकात उतरवल्या म्हणून मी निश्चिंत होतो. त्याच डिस्कमध्ये माझ्या वडिलांचा आवाज होता. कोणत्या नक्षत्रात काय पेरायचे, बियाणे दाताखाली धरून कसे पारखायचे, हे ते सव्वा तास बोलले होते. हे बोलणे मुलाने २०१४ मध्ये भरून घेतले. वडील त्यानंतरच्या वर्षी गेले.

मार्च २०१९ मध्ये ती डिस्क ‘टक् टक्’ करू लागली. मी पट्टी काढली, खोडरबर फिरवला, डायोड तपासले. सगळे ठीक होते, आवाज मात्र तोच. तिथे थांबायला हवे होते. मी मात्र झाकणाचे स्क्रू सोडवले. जेवणाच्या टेबलावर, वर पंखा चालू, खिडकी उघडी आणि बाहेर गव्हाची मळणी चाललेली. तबकडी आरशासारखी चमकत होती. डोके बाजूला सारताना माझे बोट तिला लागले. मी रुमालाने पुसले. झाकण लावून वीज दिली. पाच-सहा सेकंद फिरून आतून कानस फिरवल्यासारखा आवाज आला. पुन्हा उघडले तेव्हा तबकडीवर एक गोल रेघ उमटली होती.

शहरातील माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत मी ती नेली. तिथल्या तंत्रज्ञाने भिंगाखाली पाहून एवढेच विचारले, “उघडण्याआधी का नाही आणलीत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. सातबारा हरवला तर पुन्हा मिळतो, बिलाची प्रत दुकानदाराकडे असते. बावीस वर्षांचा पाऊस आणि वडिलांचा आवाज मात्र कोणत्याही कचेरीत पुन्हा मिळत नाही.

झाकण उघडायचेच तर

आता एक गोष्ट आपल्याच शेतीतली. जळगावकडे ऊतिसंवर्धित केळीची रोपे ज्या प्रयोगशाळेत तयार होतात, तिथे कामाच्या टेबलावर गाळलेल्या हवेचा संथ झोत सतत वाहत असतो. त्यातला हेपा गाळणा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. बुरशीचा एक बीजाणू बाटलीत गेला तर रोप सडते, म्हणून एवढी काळजी. डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळांतही हाच झोत असतो. तिथे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक चालत नाहीत.

आळिंबीचे बियाणे घरी करणारे काही होतकरू शेतकरी अशी पेटी स्वतः तयार करतात. मोटार रिवाइंडिंगवाल्या तरुणाने तिच्यावरून डिस्कसाठी पेटी केली. मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, मागच्या बाजूला हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा हेपा गाळणा, त्यामागे लहान पंखा, आणि पुढे हात घालायला दोन भोके. पंखा गाळलेली हवा आत ढकलतो, त्यामुळे भोकांतून हवा बाहेरच येते आणि धूळ आत शिरत नाही. काम सुरू करण्यापूर्वी अर्धा तास पंखा चालू ठेवायचा. डोकी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये घालायची फणी त्याने जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्यांतून कातरली आहे.

पण तो ही पेटी कशासाठी वापरतो? फक्त भंगारातल्या डिस्कवर हात बसवण्यासाठी. नवे वाण आपण एकदम सगळ्या रानात पेरत नाही, आधी गुंठाभर करून पाहतो. त्याचा नियम तोच आहे. गिऱ्हाईकाची डिस्क टक् टक् करत आली, तर तो ती न उघडता फडक्यात गुंडाळून परत देतो आणि सांगतो, “शहरात न्या. वाटेत चालू करू नका.” त्याच्या हातात कला आहे हे मला त्या वाक्यावरून पटले.

हे करू नये

बंद डिस्क फ्रीजमध्ये ठेवावी असा एक सल्ला फिरत असतो. थंड तबकडीवर दमट हवेचे दव धरते आणि नुकसान वाढते. डिस्कला टपली मारू नये. झाकणावरचे हवेचे बारीक छिद्र चिकटपट्टीने बुजवू नये. काही मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम वायू भरून त्या सीलबंद केलेल्या असतात, त्यांना तर हातच लावू नये.

दुसऱ्या डिस्कची विद्युत पट्टी आणून तशीच बसवू नये. बहुतेक नव्या डिस्कमध्ये त्या त्या डिस्कची खास नोंद पट्टीवरच्या एका बारीक चिपमध्ये असते. ती चिप जुन्या पट्टीवरून नव्यावर न्यावी लागते. बाहेरून जोडायच्या काही डिस्कमध्ये पेटीतली पट्टीच माहितीला कुलूप घालते. तिथे आतली डिस्क वेगळी काढून जोडली तरी वाचता येत नाही.

डिस्क आजारी असेल तर संगणकाची ‘डिस्क दुरुस्त करा’ ही सूचनाही चालवू नये. त्याऐवजी फुकट मिळणाऱ्या डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने नक्कल करावी. तो आधी चांगला भाग उतरवून घेतो, अवघड जागा शेवटी ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांत तबकडी नसते, त्यांना वरचे आवाज आणि पेटी लागू नाहीत.

दोन कणग्या

आपले वाडवडील बियाण्याची जोंधळ्याची कणसे एकाच ठिकाणी ठेवत नसत. काही चुलीवरच्या धुरात टांगत, काही कणगीत राखेत घालत, थोडी भावकीतल्या घरी देत. एका ठिकाणी भुंगा लागला तरी पेरणी चुकत नसे. संगणकातल्या माहितीलाही हाच नियम लावावा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. अमावास्येला औजारांना तेल देता, त्या दिवशीच नक्कल करण्याचा नेम धरावा. आठवण राहते.

घरी हत्यारे जरूर करा. पाते घासा, डायोड ओळखायला शिका, मुलांना शिकवा. फक्त झाकणापाशी हात थांबू द्या.

मी माझी ती रेघ पडलेली तबकडी टाकून दिलेली नाही. ती हत्याराच्या पेटीतच, अगदी वर ठेवली आहे. पेटी उघडली की आधी ती दिसते, आणि मग मी पाते उचलतो.